परदेशी पोपट, इग्वाना, कासव घरी आहे? नोंदणीचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

परत आलेला अर्ज घेऊन लोक येतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वेबसाइटच चालत नाही." वेबसाइट कधीकधी खरंच रखडते. पण पक्षी पाळणाऱ्यांना हे अर्ज भरायला मदत करताना मी जे पाहिलं, त्यात अडायचं कारण बहुतेक वेळा एकच निघालं. हा प्राणी तुमच्याकडे आला कुठून, हे सांगणारा कागद नसतो. म्हणून लॉगिन वगैरेवर इथे एखादीच ओळ आहे आणि त्या कागदावर बरंच काही.

आधी नियम. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा 'साइटिस' हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या यादीतल्या प्रजाती या दुरुस्तीनं आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आल्या. कलम ४९-एम सांगतं की या अनुसूचीतला जिवंत प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्यानं तो कळवायचा आणि त्याची नोंद करायची. त्यासाठीचे तपशीलवार नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. अर्ज केंद्राच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर करायचा. तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे.

याच दुरुस्तीनं कलम ६२-ए सुद्धा आणलं. आपल्याकडच्या वन्यजीवांना किंवा त्यांच्या अधिवासाला धोका ठरणाऱ्या आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, विक्री, त्या बाळगणं आणि त्यांचा प्रसार यांवर केंद्र सरकार अधिसूचना काढून बंधन घालू शकतं. पोपटाच्या नोंदणीशी याचा काय संबंध, असं पुष्कळ जण विचारतात. बाहेरचा जीव मोकळ्या पाण्यात किंवा रानात एकदा स्थिरावला की परत गोळा करता येत नाही. उजनीच्या कोळ्यांना विचारा, जाळ्यात चिलापी किती येते ते. तो मासा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला, तोही चांगल्या हेतूनं. कोणता परदेशी प्राणी कुणाच्या घरात आहे, त्याला पिल्लं झाली का, तो मेला की दुसऱ्याकडे गेला, याची वही सरकारकडे असेल तरच एखादा सुटला तर कळणार. नोंदणीचा त्रास होतो, मान्य. पण ती हवीच, असं माझं ठाम मत आहे.

तुम्हाला लागू आहे का?

विक्रेता असो, ब्रीडर असो की मुलीच्या हट्टापायी एकच पक्षी आणलेला बाप, ज्याच्या ताब्यात प्राणी त्याला नियम लागू. "आम्ही धंदा थोडाच करतो" हे उत्तर चालत नाही.

खरी गफलत प्रजातीत होते. पोपटवर्गातले जवळजवळ सगळे पक्षी साइटिसच्या यादीत आहेत. वगळलेले चारच: बजरी, कॉकटेल, पीच-फेस्ड लव्हबर्ड आणि आपला कंठवाला राघू. दुकानदार 'लव्हबर्डला काही लागत नाही' म्हणून सांगतो. पीच-फेस्डपुरतं ते खरं आहे. पण डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला फिशर लव्हबर्ड यादीत आहे आणि एकाच पिंजऱ्यात दोन्ही ठेवणारे कितीतरी लोक आहेत. सन कन्युर, मकाव, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे हे सगळे यादीत. जावा चिमणीही यादीत आहे, हे ऐकून जुने पक्षीपालक दचकतात. हिरवा इग्वाना, बॉल पायथन, मार्मोसेट माकड, अ‍ॅक्सोलोटल यांनाही नोंदणी लागते. फेंगशुईसाठी ठेवतात त्या अरोवाना माशातली आशियाई जात, म्हणजे लाल आणि सोनेरी रंगाची महागडी, साइटिसच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. स्वस्तातली सिल्व्हर अरोवाना यादीत नाही. म्हणून अर्जात शास्त्रीय नाव मागतात तिथे दुकानदारानं सांगितलेलं नाव टाकू नका. पशुवैद्यकाकडून जात खात्रीनं ओळखून घ्या, मग लिहा.

राघूचं वेगळं सांगायला हवं. साइटिसनं वगळलाय म्हणजे घरात ठेवायला मोकळा, असा अर्थ काढून लोक त्याची नोंदणी करायला येतात. तो इथला पक्षी आहे, भारतीय कायद्यानं संरक्षित आहे आणि पिंजऱ्यात ठेवणंच बेकायदा आहे. पहाडी पोपट, मुनिया, स्टार कासव यांचंही तेच. यांची या पोर्टलवर नोंद होत नाही, होणारही नाही. एका काकूंनी बारा वर्षं सांभाळलेल्या मिठूचा फोटो मोबाइलवर पुढे केला, तेव्हा हे सांगताना मलाच जड गेलं. पण खोटी आशा दाखवून अर्ज भरून देणं त्याहून वाईट.

मुदत चुकीची वाचली जाते

नियमांत दोन मुदती आहेत आणि लोक त्या एकमेकांत मिसळतात. नियम आले तेव्हा ज्यांच्याकडे प्राणी आधीपासून होता त्यांच्यासाठी सहा महिने होते. ते २८ ऑगस्ट २०२४ ला संपले. त्यानंतर आलेल्या प्राण्यासाठी, तो ताब्यात आल्यापासून ३० दिवस. "सहा महिने मिळतात ना?" असं आजही विचारणारे भेटतात. नाही मिळत.

ताबा कधीपासून धरायचा, इथेही घोळ होतो. हाताने भरवायचं पिल्लू लोक आगाऊ पैसे देऊन बुक करतात आणि ते दोन महिन्यांनी घरी येतं. मोजायचं ते पिल्लू घरी आल्याच्या दिवसापासून. मात्र बिलावर फक्त बुकिंगची तारीख असेल तर कार्यालय तीच धरणार, म्हणून विक्रेत्याकडून पक्षी हातात दिल्याची तारीख वेगळी लिहून घ्या. आणि अर्ज नुसता जतन करून ठेवला म्हणजे सादर झाला असं होत नाही. शेवटपर्यंत जाऊन अर्ज क्रमांक आल्याशिवाय संगणक बंद करू नका.

ज्यांची मुदत चुकली त्यांनी गप्प बसू नये. उशिराचं कारण आणि हातात असतील ते कागद घेऊन मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाला स्वतःहून लेखी कळवा आणि पोच घ्या. सगळं माफ होईल असं मी सांगू शकत नाही. या कायद्याच्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. काही गुन्ह्यांना शिक्षा याहून कडक. पण स्वतः येऊन सांगणारा आणि छाप्यात सापडणारा यांच्यात फरक पडतोच.

जो कागद कुणाकडेच नसतो

प्राणी परदेशातून कायदेशीर आला असेल तर त्यामागे कागदांची साखळी असते: परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात परवाना, ज्या देशातून आला तिथला साइटिस परवाना, सीमाशुल्काचं बिल ऑफ एंट्री आणि पशु संगरोध (क्वारंटाइन) केंद्राची मंजुरी. या साखळीत तुम्ही स्वतः कुठेच नसता. तुम्ही पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या कुणाकडून पिल्लू घेतलेलं असतं, त्यानं त्याची जोडी दुसऱ्याकडून घेतलेली असते आणि पहिली जोडी कधी कुठून आली हे कुणालाच आठवत नाही. मग अर्जदार काय जोडतो? डीएनए कार्ड. त्यावर नर की मादी एवढंच लिहिलेलं असतं. किंवा 'वन बर्ड' असं लिहिलेली चिठ्ठी, कच्चं बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट. किंवा नोटरीकडून करून आणलेलं प्रतिज्ञापत्र, ज्याला आधार म्हणून दुसरा एकही कागद नसतो. आणि अर्ज परत येतो.

भारतात जन्मलेल्या पिल्लासाठी तुम्हाला हवी आहे ती विक्रेत्याची साखळी. त्याच्या स्वतःच्या नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. बिलावर प्रजातीचं शास्त्रीय नाव, पायातल्या रिंगचा किंवा मायक्रोचिपचा नंबर, पिल्लाची जन्मतारीख आणि तुमचं पूर्ण नाव हवं. भाऊजींच्या नावाचं बिल घेऊन आपल्या नावानं अर्ज करू नका. मध्ये एक हस्तांतरण झालंय आणि तेही कळवावं लागतं. विक्रेता "नंतर पाठवतो" म्हणाला तर पिल्लू त्याच्याकडेच राहू द्या. हे मी इतक्या जणांना सांगितलंय आणि इतक्या जणांनी ऐकलेलं नाही, की आता पहिल्याच फोनवर सांगतो: पैसे देण्याआधी कागद बघा.

२०२० च्या जाहीर नोंदीचा इथे उपयोग होतो. त्या वर्षी जूनमध्ये केंद्रानं परदेशी प्राणी स्वेच्छेनं जाहीर करायची संधी दिली होती. सहा महिन्यांत जाहीर करणाऱ्याकडे मूळ कागद मागितले गेले नाहीत. देशभरातून तीस हजारांहून अधिक लोकांनी तेव्हा नोंद केली. ते प्रमाणपत्र तुमच्याकडे असेल तर ते तुमच्या अर्जाचा भक्कम आधार आहे. पण ते असलं तरी २०२४ च्या नियमांप्रमाणे पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि इथेच पुष्कळ प्रामाणिक लोक गाफील राहिले. "आमचं तेव्हाच झालंय" म्हणत त्यांनी मुदत घालवली.

ओळखचिन्हाचं एक उदाहरण सांगतो. एका आजींच्या आफ्रिकन ग्रेचा अर्ज 'ओळख जुळत नाही' म्हणून परत आला होता. आजींनी त्याला टॉवेलात अलगद गुंडाळून मांडीवर धरलं, नातवानं मोबाइलचा टॉर्च मारला आणि मी ओल्या कापसानं पायातली रिंग पुसली. वर्षानुवर्षांची घाण वाळून अंकांत बसली होती. अर्जात ३ लिहिलेला अंक पुसल्यावर ८ निघाला; बिलावरही ८ च होता. एवढ्यासाठी चार महिने गेले होते. रिंग आधी स्वच्छ पुसा, तिचा जवळून फोटो घ्या आणि फोटोत पाहून नंबर लिहा.

बाकीचं सोपं आहे: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, प्राण्याचे स्पष्ट फोटो, पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र, ऑनलाइन शुल्क. प्राणी आधारवरच्या पत्त्यावर राहत नसेल, समजा तुम्ही पुण्यात आणि पिंजरा साताऱ्याला आईकडे, तर तसं स्पष्ट लिहा. पडताळणीला माणूस येतो तो प्राणी ठेवलेल्या जागी.

त्रुटीपत्रांबद्दल मात्र बोलायलाच हवं. "कागदपत्रे योग्य नाहीत" एवढं एक वाक्य लिहून अर्ज परत करणं अन्यायाचं आहे. कोणता कागद, त्यात काय कमी, हे लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि ती न दिल्यामुळे गावाकडचा माणूस तीन फेऱ्या मारतो. पोर्टल इंग्रजीत, प्रजातीचं नाव लॅटिनमध्ये, वर कारण मोघम. असं पत्र आलं तर नेमकी त्रुटी लेखी विचारा. तो तुमचा हक्क आहे.

नोंद झाल्यावरही काम संपत नाही

अंड्यातून पिल्लू निघालं, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तर प्रत्येक वेळी कळवायचं असतं. मेलेला पक्षी लोक दुःखानं लगेच कुंडीत पुरतात आणि मग पुरावा काहीच उरत नाही. आधी पशुवैद्यकाला बोलवा, शवविच्छेदनाचा अहवाल घ्या, फोटो आणि रिंग जपून ठेवा.

परिशिष्ट १ मधल्या प्रजातींना आणखी एक अट आहे. आफ्रिकन ग्रे जानेवारी २०१७ पासून त्या परिशिष्टात आहे. त्याची जोडी लावून पिल्लं काढायची तर कलम ४९-एन प्रमाणे प्रजननाची वेगळी परवानगी लागते. साधी नोंदणी पुरत नाही. नर-मादी एकत्र असतील आणि परवानगी नसेल तर घरट्याची पेटी काढून घ्या.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते. अर्ज फेटाळला की किंवा दंडाचं ऐकून घाबरलं की काही जण रात्री तळ्यावर जातात आणि प्राणी सोडून देतात. कृपा करून हे करू नका. लाल कानाचं छोटं कासव, ज्याला दुकानात रेड-इअर्ड स्लायडर म्हणतात, देशभरातल्या तळ्यांत असंच पोहोचलं. जगातल्या सर्वात घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे. टाकी साफ करणारा सकर मासाही असाच नद्यांत गेला. नोंदणीच्या यादीत नाही म्हणजे सोडायला हरकत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. आणि पिंजऱ्यात वाढलेला मकाव बाहेर दोन दिवसही तग धरेल की नाही, शंकाच आहे.

सांभाळणं जमणार नसेल तर जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, किंवा वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून कुठे जमा करायचा ते विचारा. प्राणी ताब्यात देताना त्याची जात, रिंगचा नंबर आणि तारीख लिहिलेली पोच सही-शिक्क्यानिशी घ्या आणि तिची एक प्रत स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा.