सिम्स, विल्यम साउडन

विल्यम साउडन सिम्स (१५ ऑक्टोबर १८५८ – २८ सप्टेंबर १९३६). अमेरिकन नौदल अधिकारी. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांत अमेरिकेच्या नौदलात जे मोठे बदल झाले, त्यांतल्या अनेकांच्या मुळाशी सिम्स यांचा एखादा अहवाल, एखादे पत्र नाहीतर एखादे भांडण सापडते. त्यांनी तोफांचा नेम सुधारला, १९१७-१८ मध्ये युरोपातील अमेरिकन नौदलाचे नेतृत्व केले आणि उतारवयात विमानवाहू जहाजांची बाजू लावून धरली. खरे तोंडावर बोलण्याची सवय त्यांना जन्मभर महागात पडली. पण तिच्यावाचून यातले एकही काम तडीस गेले नसते.

त्यांचा जन्म कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात पोर्ट होप येथे झाला. वडील अमेरिकन होते आणि कुटुंब पुढे पेनसिल्व्हेनियात येऊन राहिले. ॲनापोलिस येथील नौदल अकादमीतून ते १८८० मध्ये बाहेर पडले. तेव्हाचे अमेरिकन नौदल जुनाट होते आणि बढती मिळे ती वरची जागा रिकामी होईल तेव्हा. मध्यंतरी रजा काढून सिम्स पॅरिसला राहिले आणि त्यांनी फ्रेंच भाषा पक्की केली. त्याचा फायदा १८९७ मध्ये झाला. पॅरिस येथील वकिलातीत नौदल प्रतिनिधी म्हणून त्यांची नेमणूक झाली. इतर देशांची जहाजे, चिलखत, तोफा बारकाईने पाहायच्या आणि घरी कळवायच्या, हेच तिथले काम. दुसऱ्याचे घर नीट पाहिल्यावर आपल्या घराच्या भिंतींतल्या भेगा दिसू लागतात, तसे त्यांचे झाले.

सर्वांत मोठी भेग तोफखान्यात होती. ३ जुलै १८९८ रोजी क्यूबातील सँटियागोजवळ अमेरिकन ताफ्याने स्पॅनिश ताफा पार बुडवला. देशभर जल्लोष झाला. मग कोणीतरी हिशेब मांडला. अमेरिकन जहाजांनी साडेनऊ हजारांच्या आसपास गोळे डागले होते आणि शत्रूच्या जहाजांवर त्यातले जेमतेम १२० लागल्याचे दिसले. म्हणजे शंभरात एक-सव्वा. पुढच्या वर्षी पाच जहाजांनी प्रत्येकी पाच मिनिटे, १,६०० यार्डांवरून, एका जुन्या दीपनौकेवर मारा केला. पंचवीस मिनिटांनंतर तिच्या शिडांना दोन भोके पडली होती. यावर कोणी फारसे हळहळले नाही, कारण जगातल्या जवळपास सर्वच नौदलांची गत अशीच होती.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समुद्रात जहाज सतत एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे डोलत असते. तोफ जहाजाला जखडलेली, त्यामुळे तिचे तोंड कधी आभाळाकडे, कधी पाण्याकडे. गोलंदाज अंतराचा अंदाज घेऊन नेमपट्टी लावायचा आणि थांबायचा. जहाजाच्या डोलण्यासोबत लक्ष्य नेमाच्या रेषेत आले की चाप ओढायचा. डोळ्याने पाहिले, बोटाने ओढले, बारूद पेटली, गोळा नळीतून सुटला. एवढ्या वेळात तोफेचे तोंड पुन्हा हललेले असे. म्हणून अनुभवी गोलंदाज लक्ष्य समोर येण्याआधीच, अंदाजाने चाप ओढत. शिवाय नेमपट्टी नळीलाच बसवलेली असल्यामुळे तोफ मागे धक्का देई तेव्हा डोळा वाचवण्यासाठी मान झटकन मागे घ्यावी लागे. अशा परिस्थितीत कोणाचा नेम लागला तर तो नशिबाचाच भाग.

यावरचा उपाय ब्रिटिश नौदलातील पर्सी स्कॉट या कॅप्टनने काढला. १८९८ मध्ये ‘सिला’ या जहाजावर सराव चालू असताना आपला एक गोलंदाज इतरांपेक्षा फार चांगला मारतो, हे त्यांनी हेरले. तो माणूस नकळत तोफ वरखाली करण्याचे चाक जहाजाच्या डोलण्याच्या उलट फिरवत राही, त्यामुळे त्याचा नेम लक्ष्यावरून फारसा ढळत नसे. एकाला जमते ते सर्वांना शिकवता येईल, असे स्कॉट यांनी ठरवले. त्यांनी चाकाचे दाते बदलून ते हलके केले. धक्का बसल्यावर न हलणाऱ्या भागावर दुर्बीण बसवली, म्हणजे डोळा तिथून काढायला नको. सरावासाठी एक साधे यंत्रही केले. तोफेसमोर एक छोटे लक्ष्य वरखाली हलत राही; गोलंदाजाने चाक फिरवत त्याचा पाठलाग करायचा, चाप ओढला की गोळ्याऐवजी पेन्सिलचा ठिपका कागदावर उमटायचा. ना बारूद खर्च, ना समुद्रात जाण्याची गरज. १८९९ च्या परीक्षेत ‘सिला’ने शंभरात ऐंशी नेम मारले.

सिम्स १९०० च्या अखेरीस चीनच्या समुद्रातील अमेरिकन ताफ्यात दाखल झाले. तिथे स्कॉट यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि दोघांचे चांगले जमले. सिम्स यांनी सगळी पद्धत शिकून घेतली, आपल्या जहाजावर तोफांचे दाते बदलवून घेतले, सराव केला, आकडे गोळा केले. मग वॉशिंग्टनला अहवाल धाडायला सुरुवात केली. दोन वर्षांत तेरा अहवाल गेले. सुरुवातीला उत्तरच आले नाही; कागद खणात पडून राहिले. अहवालांची भाषा हळूहळू तिखट होत गेली आणि त्यांच्या प्रती ताफ्यातले इतर अधिकारीही वाचू लागले, तेव्हा तोफखाना विभागाला जाग आली.

विभागाने प्रयोग केला आणि ही पद्धत अशक्य असल्याचे ‘सिद्ध’ केले. पाच अंशांचा डोल दहा सेकंदांत भरून काढायचा तर पाच माणसे राबूनही चाक तेवढे फिरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रयोग झाला होता वॉशिंग्टनच्या गोदीत, घट्ट जमिनीवर रोवलेल्या तोफेवर! समुद्रात जहाज डोलते तेव्हा जड तोफ आपल्या जडत्वाने जागच्या जागी राहू पाहते आणि गोलंदाजाचे निम्मे काम तीच करते. जमिनीवर सगळी तोफ अंगबळाने हलवावी लागते. शाळकरी भौतिकशास्त्रातला हा नियम एका मोठ्या सरकारी विभागाने नजरेआड केला होता. अनुभवी, प्रामाणिक माणसे आपल्याच पद्धतीच्या प्रेमात पडली की असे होते, आणि या एका उदाहरणासाठीही सिम्स यांचे चरित्र वाचण्याजोगे आहे.

तेव्हा सिम्स यांनी लष्करी शिस्तीत न बसणारे पाऊल उचलले. १६ नोव्हेंबर १९०१ रोजी त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. एका लेफ्टनंटने मधल्या साऱ्या पायऱ्या ओलांडून राष्ट्राध्यक्षांना लिहायचे, म्हणजे नोकरीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवायची. सुदैवाने रूझवेल्ट पूर्वी नौदल खात्याचे उपमंत्री होते आणि त्यांना जहाजांची मनापासून ओढ होती. त्यांनी सिम्स यांना बोलावून घेतले. १९०२ मध्ये सिम्स नेमबाजी सरावाचे निरीक्षक झाले आणि १९०९ पर्यंत त्या पदावर राहिले. जहाजाजहाजांत चढाओढ लावली गेली, निकाल ताफाभर जाहीर होऊ लागले. दीपनौकेच्या शिडांना दोन भोके पडल्याला सहाएक वर्षे झाली असतील-नसतील, तोच एका अमेरिकन गोलंदाजाने त्याच १,६०० यार्डांवरून, ७५ फूट बाय २५ फुटांच्या लक्ष्यावर एका मिनिटात १५ गोळे मारले. पंधराच्या पंधरा लागले.

पुढच्या काळात सिम्स रूझवेल्ट यांचे नौदल सहायकही होते. युद्धनौकेवर लहानमोठ्या तोफांची खिचडी नको, सगळ्या मोठ्या तोफा एकाच मापाच्या हव्यात, हा त्यांचा आग्रह होता. लांबून मारा करताना पाण्यात उडणारे तुषार कोणत्या तोफेचे हे कळले नाही तर नेम दुरुस्त करता येत नाही, असा त्यामागचा विचार. या मुद्द्यावर त्यांनी आल्फ्रेड मॅहन यांच्यासारख्या जगन्मान्य इतिहासकाराचेही म्हणणे खोडून काढले आणि काळाने कौल सिम्स यांच्या बाजूने दिला. १९०९ मध्ये त्यांना ‘मिनेसोटा’ ही युद्धनौका मिळाली. ते तेव्हा कमांडरच होते आणि एवढे मोठे जहाज सहसा कॅप्टनकडे असे.

याच जहाजावरून ते डिसेंबर १९१० मध्ये लंडनला गेले. गिल्डहॉलमधल्या भाषणात त्यांनी सांगून टाकले की, ब्रिटिश साम्राज्यावर कधी परकीय संकट आले तर समुद्रापलीकडच्या तुमच्या भाऊबंदांचा प्रत्येक माणूस, प्रत्येक डॉलर आणि रक्ताचा प्रत्येक थेंब तुमच्यासाठी असेल. एका नौदल अधिकाऱ्याने परराष्ट्र धोरण जाहीर केल्यासारखेच हे झाले. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना जाहीर ठपका दिला. त्यानंतर नौदल युद्ध महाविद्यालय, मग १९१३ ते १९१५ अटलांटिकमधील विनाशिकांचा ताफा, पुढे ‘नेव्हाडा’ ही नवी युद्धनौका. विनाशिकांच्या काळात ते आपल्या कप्तानांना एका टेबलाभोवती बसवून डावपेच खल करून ठरवत. सगळ्यांनी मिळून ठरवलेले असल्याने समुद्रात लांबलचक हुकमांची गरज उरत नसे.

मार्च १९१७ च्या अखेरीस त्यांना गुपचूप लंडनला धाडण्यात आले. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती. सिम्स आणि त्यांचे सहायक बॅबकॉक साध्या वेशात, खोट्या नावांनी ‘न्यूयॉर्क’ या प्रवासी जहाजावर चढले. पण त्यांच्या रात्रीच्या कपड्यांवर खऱ्या नावांची आद्याक्षरे भरलेली होती; एका कारभाऱ्याच्या ती नजरेस पडली आणि ही दोन माणसे संशयास्पद आहेत, असे त्याने कप्तानाला कळवले. प्रवासातच, ६ एप्रिलला अमेरिकेने युद्ध पुकारले. ९ एप्रिलला लिव्हरपूलजवळ जहाजाला सुरुंग लागला. प्रवासी सुखरूप उतरले.

लंडनमध्ये ब्रिटिश नौदलाचे प्रमुख ॲडमिरल जेलिको यांनी त्यांच्या हाती एक कागद ठेवला. चीनच्या काळापासूनचे हे दोघे ओळखीचे. जर्मन पाणबुड्यांनी फेब्रुवारीत ५ लाख ३६ हजार टन आणि मार्चमध्ये ६ लाख ३ हजार टन जहाजे बुडवली होती; एप्रिलचा आकडा नऊ लाखांकडे चालला होता. वर्तमानपत्रांत यातले काहीच येत नव्हते. असेच चालले तर युद्ध पुढे रेटता येणार नाही, हे जेलिको यांनी शांतपणे सांगितले. बुडणाऱ्या त्या जहाजांवर मुंबई बंदरात भरती झालेले कोकणातले आणि गोव्यातले खलाशीही होते, हे आपण विसरू नये.

सिम्स यांनी वॉशिंग्टनला तारांवर तारा केल्या: असतील तेवढ्या विनाशिका ताबडतोब पाठवा. व्यापारी जहाजे एकेकटी न सोडता जथ्याने, सशस्त्र सोबतीने न्यावीत, या कल्पनेमागेही त्यांनी आपले वजन टाकले. ब्रिटिश नौदलाचा तिला विरोध होता. आठवड्याला अडीच हजार जहाजे येतात आणि तितकीच जातात, एवढ्यांना राखण कुठून आणायची, असे ते म्हणत. त्या आकड्यात किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारे बारके पडावही मोजलेले होते. महासागर ओलांडणारी जहाजे आठवड्याला दीडशेच्या आतच भरत. हे ब्रिटिशांच्याच एका तरुण अधिकाऱ्याने शोधून काढले. त्यामुळे काफिल्यांचे सारे श्रेय सिम्स यांना देणे बरोबर नाही. निर्णय ब्रिटिशांचा होता. पण राखणीची जहाजे अमेरिकेतून खेचून आणली ती सिम्स यांनीच. मे महिन्यात प्रयोग सुरू झाले आणि काफिल्यातून जाणाऱ्या जहाजांपैकी बुडणाऱ्यांचे प्रमाण शेकडा एकाच्या खाली आले.

४ मे १९१७ रोजी आयर्लंडमधील क्वीन्सटाउन (आजचे कोव्ह) बंदरात पहिल्या सहा अमेरिकन विनाशिका शिरल्या. तिथले ब्रिटिश प्रमुख ॲडमिरल बेली कडक आणि तुटक बोलणारे म्हणून प्रसिद्ध होते. समुद्रात जायला कधी तयार व्हाल, असे त्यांनी विचारताच पथकप्रमुख टॉसिग म्हणाले, इंधन भरून झाले की आम्ही तयारच आहोत, सर. अमेरिकन जहाजे ब्रिटिश ॲडमिरलच्या हुकमाखाली द्यायला सिम्स कचरले नाहीत. बेलीही त्या विश्वासाला जागले: जूनमध्ये ते रजेवर गेले तेव्हा आपल्या जागी त्यांनी सिम्स यांना बसवले आणि त्या ब्रिटिश तळावर काही दिवस अमेरिकन ॲडमिरलचे निशाण फडकले. एका सहायकासह सुरू झालेल्या सिम्स यांच्या हाताखाली युद्ध संपताना साडेतीनशेहून अधिक जहाजे आणि सुमारे ७०,००० खलाशी होते.

युद्धानंतर त्यांचे नौदल मंत्री जोसेफस डॅनियल्स यांच्याशी जाहीर भांडण झाले. पदकांच्या यादीत कर्तबगारांना डावलून जहाजे गमावलेल्यांना वर घेतले, म्हणून सिम्स यांनी १९१९ मध्ये स्वतःचे विशेष सेवा पदक नाकारले. १९२० मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी खात्याची पूर्वतयारी नव्हती आणि मदत उशिरा पाठवली गेली, असा आरोप केला. या दिरंगाईने पाच लाख जीव गेले असे ते म्हणाले. तयारी नव्हती हे खरे होते. पाच लाखांचा आकडा मात्र पुराव्यावर उभा राहत नाही आणि त्या अतिशयोक्तीने त्यांनी आपलीच बाजू लंगडी केली. जून १९२१ मध्ये लंडनमध्ये आयरिश बंडखोरांच्या अमेरिकन पाठीराख्यांना गाढवे म्हटल्याबद्दल त्यांना माघारी बोलावून दुसरा ठपका देण्यात आला. त्याच वर्षी ‘द व्हिक्टरी ॲट सी’ या बर्टन हेंड्रिक यांच्यासह लिहिलेल्या युद्धवृत्तान्ताला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१९१९ ते १९२२ ते पुन्हा युद्ध महाविद्यालयाचे अध्यक्ष होते. तिथे पटावर खेळल्या जाणाऱ्या लढायांतून त्यांना पटत गेले की, उद्याचे मुख्य जहाज विमानवाहू असेल. मोठ्या तोफांसाठी निम्मे आयुष्य वेचलेल्या माणसाने तोफांचे राज्य संपत आल्याचे मान्य केले, ही मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. १९२२ मध्ये ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये हवाई दलाचे कैवारी बिली मिचेल यांच्यावर लष्करी खटला चालला तेव्हा सिम्स त्यांच्या बाजूने साक्षीला उभे राहिले. १९३० मध्ये त्यांना निवृत्तांच्या यादीत पूर्ण ॲडमिरलचा हुद्दा देण्यात आला. बोस्टन येथे त्यांचे निधन झाले, दफन आर्लिंग्टनला.

त्यांच्या नावाची एक विनाशिका पुढे पॅसिफिक महासागरात लढली. ७ मे १९४२ रोजी कोरल समुद्रात, शत्रूचे एकही जहाज दृष्टीस न पडता, जपानी विमानवाहू जहाजांवरून आलेल्या विमानांनी ‘सिम्स’ बुडवली.