खिळा आणि खडा

नागपुरात बर्डीच्या मेन रोडला लागून एका गल्लीच्या तोंडाशी बसणारे मोचीभाऊ माझ्या सँडलचा पट्टा शिवता शिवता एकदा म्हणाले, "पहिले खिळा खालून लागे ताई, तळ टिकावा म्हनून. आता तुमी वरूनच ठोकून आनता, अन् तळ निघाला की माह्याकडे येता." बोलणं टोचलं, कारण खरं होतं. त्या सँडलवर पितळी रंगाचे पंचेचाळीस स्टड, म्हणजे शोभेचे खिळे, होते आणि तळ नुसता डिंकावर तगून होता.

माझ्याकडे असे चौदा जोड आहेत. स्टडवाले, खडेवाले, मोतीवाले, एक तर अख्खा टिकल्यांनी भरलेला. आई त्या कपाटाला सराफा लाइन म्हणते. एवढं वेड आहे तर त्याचं मूळ तरी माहीत असावं म्हणून वाचत गेले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. दुकानदार ज्याला सरसकट 'फॅन्सी' म्हणतो त्यात दोन वेगळी घराणी आहेत. एक खिळ्याचं, दुसरं खड्याचं. खिळा शिपायाच्या तळव्याखालून आला आणि खडा राजाच्या पायावरून. बायकांच्या चपलेवर दोघे शेजारी बसायला बराच काळ गेला.

खिळ्याची कूळकथा रोमची. तिथल्या सैनिकांच्या 'कॅलिगी' म्हणजे जाड चामड्याच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, तळाला लोखंडी खिळे ठोकलेल्या वहाणा. दगडी रस्त्यावर कोसन्‌कोस चालायचं तर चामडं एकट्याने टिकत नाही. तरीही जोडे झिजतच, आणि खर्चावरून कटकट होई. व्हेस्पेशियन या सम्राटाकडे बंदरांतून रोमला पायी ये-जा करणाऱ्या आरमारी शिपायांनी जोड्यांसाठी वेगळा भत्ता मागितला, तेव्हा त्याने हुकूम काढला की यापुढे अनवाणी धावा. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी फायलीवर हा शेरा शोभला असता. खिळा दगा पण द्यायचा. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात ज्युलियानस नावाचा एक शूर रोमन अधिकारी एकट्याने शत्रूवर तुटून पडला, मंदिराच्या गुळगुळीत फरशीवर त्याचे खिळे घसरले, तो आडवा झाला आणि तिथेच मारला गेला.

बायकांचा नट्टापट्टाही त्याच काळात दिसतो, पण तो नोंदवलाय तक्रार करणाऱ्या पुरुषांनी. रोमन लेखक प्लिनी कुरकुरतो की बायका मोती चपलांच्या बंदांनाच लावून थांबत नाहीत, अख्ख्या चपला मोत्यांनी मढवतात. पुढे इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती उपदेशक क्लेमेंट सोन्याची नक्षी केलेल्या चपलांना नावं ठेवतो. तळाला वळणावळणाच्या ओळींत खिळे ठोकून घेतात आणि काहीजणी तर चालताना जमिनीवर ठसा उमटावा म्हणून शृंगाराची चित्रं कोरून घेतात, असं तो लिहितो. उपदेशकाने बायकांच्या चपलांचे तळ इतके निरखून कधी पाहिले, हे मात्र त्याने लिहिलेलं नाही. माझ्या दृष्टीने ही फार मोलाची नोंद आहे. खिळ्याने काम सोडून नखरा सुरू केला तो आधी तळावरच.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, कारण आडवा आला सोन्याचा नियम. सोनं म्हणजे लक्ष्मी, ते कमरेखाली घालायचं नाही. म्हणून पैंजण चांदीचे, जोडवी चांदीची. माझी आजी सोनेरी रंगाची सँडल पाहूनसुद्धा तोंड फिरवायची. ती सोन्याची नव्हती, रेक्झिनची होती, हे सांगून उपयोग नसे. नियमातून सूट होती ती राजेरजवाड्यांना. १८०३ साली नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांना इंग्रजांशी देवगावचा तह करावा लागला आणि वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड निजामाकडे गेला. त्याच वर्षी हैदराबादच्या गादीवर बसलेल्या सिकंदरजाहच्या सोनेरी कलाबुतीच्या, हिरे-माणकं-पाचू जडवलेल्या चपला आज कॅनडात, टोरोंटोच्या बाटा शू म्युझियमच्या संग्रहात आहेत. २००६ च्या जानेवारीत त्या तिथून चोरीला गेल्या आणि नंतर सापडल्या. मुलूख गेला त्याचं दुःख इतिहासकारांनी करावं. मी त्या चपलांचा फोटो पाहिला तेव्हा डोळे त्यांच्यावरच होते.

पण आपल्या इतिहासात चपलेवर काय जडवलं याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, तो म्हणजे चपला घालायची मुभा कोणाला होती. ज्यांच्या हातांनी जोडे शिवले त्यांनाच गावात वरच्या जातीच्या माणसासमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यावं लागे. आणि बायकांचं म्हणाल तर भल्या घरची बाई रस्त्यावर जोडे घालून दिसणं हाच उद्धटपणा. अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आणि त्यांचं चरित्र लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर, या दोघी पायात जोडे आणि हातात छत्री घेऊन बाहेर पडल्या म्हणून लोकांनी त्यांच्यावर दगड भिरकावले, असं सांगितलं जातं. जोडे आणि छत्री ही पुरुषाच्या मानाची चिन्हं होती. नागपुरातल्या मेच्या उन्हात या दोन वस्तूंशिवाय बाई घराबाहेर कशी पडत असेल, हा विचार मला त्या दगडांइतकाच अस्वस्थ करतो. आमच्या पणजीच्या पिढीतल्या बायकांच्या टाचांच्या भेगा मला आठवतात. त्या टाचांना स्टड कुठून ठाऊक असणार?

खड्याच्या घराण्याला सामान्य घरात आणलं ते काचेने. इंग्लंडमध्ये सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याच्या रोजनिशीत २२ जानेवारी १६६० ला नोंद आहे की आजपासून मी जोड्यांना बक्कल लावायला लागलो. पुढच्या शंभर वर्षांत बक्कल म्हणजे पायावरचा दागिनाच झाला. अस्सल हिरे परवडेनात, तेव्हा पॅरिसमधला जवाहिऱ्या गेऑर्ग फ्रीडरिश स्ट्रास याने शिशाच्या काचेचे असे खडे घडवले की दिव्याच्या उजेडात भले भले फसत. युरोपातल्या कित्येक भाषांत नकली हिऱ्याला अजून 'स्ट्रास' म्हणतात. माणसाचं नाव खोट्या हिऱ्याला पडणं हा मान की अपमान, देव जाणे. मग बंदवाल्या जोड्यांची फॅशन आली आणि बक्कलचा बाजार बसला. १७९१ मध्ये बर्मिंगहॅम परिसरातले कारागीर राजपुत्राकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. त्याने आपल्या दरबाऱ्यांना बक्कल घालायला लावलं, पण फॅशनने त्याला जुमानलं नाही.

काच हाताने पैलू पाडून घ्यायची तोवर महागच होती. डॅनियल स्वारोव्स्कीने पैलू पाडण्याचं यंत्र केलं आणि १८९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या वॅटेन्स गावी, पाण्यावर वीज मिळते म्हणून, कारखाना टाकला. बर्डीत 'डायमंडवाली दाखवा' म्हटल्यावर जो चमचमाट पुढे येतो तो याच वाटेने आलेला आहे. मधल्या काळात रोजे विव्हिए या फ्रेंच कारागिराने १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी सोनेरी चामड्याचे जोडे केले, त्यांच्या टाचांवर लाल रत्नं जडवली. झग्याच्या घोळाखाली ती कोणाला दिसली असतील तेवढीच.

इकडे खिळा अजून पुरुषांकडेच होता. मोटारसायकलवाल्यांची काळी जॅकेटं, पट्टे, बूट यांवर तो चढला, आणि १९७०च्या दशकात लंडनच्या किंग्ज रोडवर व्हिव्हियन वेस्टवुड आणि माल्कम मॅकलॅरेन यांच्या दुकानातून 'पंक' म्हणवणाऱ्या बंडखोर पोरापोरींनी तो अंगावर घेतला. अर्थ सरळ होता: जवळ येऊ नका. या टोचऱ्या वस्तूला लग्नाच्या रिसेप्शनमध्ये आणून बसवलं ते व्हॅलेंटिनोने. हे फॅशनचं घराणं रोमचं. २०१० मध्ये मारिया ग्राझिया क्युरी आणि पिएरपाओलो पिचोली या दोघांनी 'रॉकस्टड' काढलं. नाजूक पट्ट्यांच्या, टोकदार चवड्याच्या जोड्यांवर कडेकडेने छोट्या पिरॅमिडसारख्या स्टडची ओळ. त्याची प्रेरणा रोमच्या जुन्या वाड्यांच्या दर्शनी भिंतींवरच्या उठावदार, टोकदार दगडांत होती. शिपायाचा खिळा जिथून निघाला त्याच शहरात बाईच्या जोड्यावर येऊन बसला.

मला मात्र ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रोम नाही, शनिवारवाडा आठवला. दिल्ली दरवाजाच्या दोन्ही फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले प्रत्येकी ७२ अणकुचीदार खिळे. तसेच रांगेत, तसेच सारख्या अंतरावर. आपल्याकडच्या कोणा डिझायनरला हे सुचलं नाही याची मला अजून चुटपुट आहे.

पुढचं सांगायला नको. पिरॅमिड स्टड दोन-चार वर्षांत साडेतीनशे रुपयांच्या चपलेवर उतरला. हल्ली कोल्हापुरीवरही तो ठोकलेला दिसतो, आणि तिथे माझं वेड थांबतं. पारंपरिक कोल्हापुरीत लोखंडाचा खिळा नसतोच. तळ चामड्याच्याच वादीने शिवतात, नक्षी वेणीची, फार तर गोंडा आणि थोडी जर. ज्या चपलेची खासियतच खिळ्याशिवाय टिकण्याची, २०१९ मध्ये जिला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यावर पत्र्याचे स्टड मारणं म्हणजे पुरणपोळीवर केचअप.

आता घ्यायचंच असेल तर फरक ओळखून घ्या. चांगल्या स्टडला मागे पाय असतात. ते चामड्यातून आरपार जाऊन आत दुमडलेले असतात आणि वरून अस्तर येतं. स्वस्तातल्या स्टडला पाय नसतात, तो चिकटवलेला असतो. खड्यांचं तसंच. 'हॉटफिक्स' खड्याच्या पाठीला डिंक लावलेलाच येतो, तो उष्णतेने वितळतो आणि चिकटतो. आता उष्णतेने चिकटलेली गोष्ट नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, गाडीच्या तापलेल्या फूटरेस्टवर काय करेल हे समजायला शास्त्र लागत नाही. माझ्या टिकल्यांच्या जोडाचा डावा पाय एका उन्हाळ्यात अर्धा बोडका झाला. टेकडीच्या गणपतीला जाताना मी मुद्दाम साधी चप्पल घालते. चोरीची भीती आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे परत आल्यावर खडे मोजत बसायचा मोह आवरत नाही.

त्या दिवशी मोचीभाऊंनी पट्टा शिवला, तळाला सोलुशन लावून वरून बारीक चुका मारल्या. एक स्टड पडलेला होता, तो त्यांनी आपल्या पत्र्याच्या डब्यातून शोधून बसवला. कुठल्या तरी दप्तराचा असावा, जरा मोठा आणि चांदीच्या रंगाचा. चव्वेचाळीस पितळी, एक चांदीचा. "चालते?" त्यांनी विचारलं. मी त्याच घालून घरी आले.