रुग्णपतन-निरीक्षण, यंत्राधारित

रुग्णालयात दाखल झालेला रुग्ण खाटेवरून, खुर्चीवरून किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर पडू नये म्हणून संवेदक, कॅमेरे व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या साहाय्याने त्याच्या हालचालींवर ठेवलेली देखरेख. पडण्याचा धोका आधी वर्तवणे, उठण्याची हालचाल वेळीच हेरणे आणि पडल्याचे ओळखणे अशी तीन कामे तीत येतात. तिसऱ्या कामाचा प्रतिबंधाशी संबंध सर्वांत कमी.

या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काही जण तो १९७० नंतरच्या दशकात जर्मनी व अमेरिकेत आलेल्या मदत-बटणांपासून धरतात. परंतु बटण दाबायला पडलेला माणूस शुद्धीवर असावा लागतो. त्वरणमापकाने (वेगातील बदल मोजणाऱ्या संवेदकाने) पतन ओळखण्याची कल्पना लॉर्ड व कॉल्विन यांनी १९९१ मध्ये मांडली. विल्यम्स व सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास पट्ट्यावर बसणारे उपकरण वर्णिले. त्यात जमिनीवर आपटल्याचा धक्का दाबविद्युत संवेदक (दाब पडताच विद्युत संकेत देणारा) टिपी आणि शरीर आडवे झाल्याचे पाऱ्याची कळ (कलताच पारा सरकून चालू होणारी) सांगे. स्वयंचलित पतन-ओळखीचा आरंभ म्हणून हे दोन टप्पे सामान्यतः मान्य आहेत.

प्रतिबंधाचा विचार करता मात्र परिचर्या-संशोधक जॅनिस मोर्स यांच्या पडण्याचा धोका मोजणाऱ्या मापनश्रेणीपासून (१९८९) सुरुवात करणे अधिक सयुक्तिक वाटते. तीत सहा बाबींना गुण आहेत : पूर्वी पडल्यास २५, दुसरे निदान असल्यास १५, सलाईन चालू असल्यास २०, फर्निचर धरत चालणाऱ्यास ३०, चाल बिघडलेली असल्यास २०, स्वतःच्या क्षमतेचे भान सुटलेल्यास १५, एकूण १२५. धोक्याची सीमारेषा वॉर्डागणिक ठरवावी, असा मोर्स यांचा आग्रह होता. व्यवहारात ४५ हा आकडा सरसकट वापरला जातो. आजची संगणकीय प्रारूपे औषधे, तपासण्या व परिचारिकांच्या नोंदी वापरून हेच काम करतात. त्यांतील मूळ अडचण अशी, की काळजी घेतल्यामुळे जो पडला नाही, तो नोंदीत ‘न पडणारा’ म्हणून उतरतो आणि यंत्र तेच शिकते. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ मध्ये गुणांकन-साधनांवर विसंबू नये, ६५ वर्षे व त्यावरील प्रत्येक दाखल रुग्णाला धोका आहे असेच समजावे, असे सांगितले. हा सल्ला अधिक सुरक्षित होय.

वस्तूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर मोजणारा स्वस्त कॅमेरा (किनेक्ट, २०१०) आल्यावर अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात तो रुग्णालयाच्या खोल्यांत बसवून प्रयोग झाले. अशा प्रणालीला चेहरा लागत नाही. धड उचलले गेले, पाय कठड्याबाहेर आले, नितंब गादीच्या कडेला सरकले, हा क्रम ती पाहते. पाय खाली सुटण्याआधी इशारा मिळाला तरच काही सेकंद हाती राहतात.

गजर वाजला म्हणजे पडणे टळले असे नव्हे. शॉर व सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील चाचणीत (२०१२) १६ परिचर्या-कक्षांतील सुमारे २७ हजार रुग्णांचा समावेश होता. खाटेच्या गजरांचा वापर वाढला, पण पडण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. खोट्या गजरांना कान सरावतात हे एक कारण सांगतात. दुसरे, मनुष्यबळाचे, तितकेच महत्त्वाचे आहे. खाटेपाशी पोहोचणारे माणूस नसेल, तर अचूक प्रारूपाचाही रुग्णाला उपयोग नाही. मेडिकेअरने (अमेरिकेतील, मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने) ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयात पडून झालेल्या दुखापतींचा जादा खर्च देणे थांबवले. अशा उपकरणांना मागणी वाढण्यामागे हाही निर्णय असल्याचे मानले जाते.

भारतात वॉर्डातील देखरेखीचा मोठा भार सिस्टर, मावशी आणि उशाशी बसलेले नातेवाईक वाहतात. गादीखाली ठेवून श्वसन व हृदयगती टिपणारी देशी उपकरणे आली आहेत. त्यांचा मुख्य रोख प्रकृती खालावण्याच्या पूर्वसूचनेवर आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत संमतीचा प्रश्न उरतो. ज्यांच्यासाठी तो लावायचा, त्यांपैकी अनेक जण भ्रमावस्थेत असतात. त्यामुळे चित्रण न साठवता केवळ शरीराची बाह्याकृती वापरणाऱ्या प्रणालींना प्राधान्य देणे इष्ट ठरते.