मेगाहर्ट्झ वेगळं, मेगासॅम्पल वेगळं: स्वस्तातला स्कोप घेताना

स्वस्तातला ऑसिलोस्कोप, म्हणजे बदलतं व्होल्टेज पडद्यावर लाटेसारखं दाखवणारं यंत्र, शोधायला बसलं की खोक्यावर दोन आकडे दिसतात, एक मेगाहर्ट्झचा आणि एक मेगासॅम्पलचा, आणि दोन्हीकडे 'मेगा' असल्यामुळे आपण धरून चालतो की एकच गोष्ट दोनदा लिहिलीये, जो आकडा मोठा तो स्कोप भारी. मीही तसंच धरलं होतं आणि त्यात पैसे घालवले. मग हल्ली भाच्याने, तो डिप्लोमाला आहे, दोन स्कोपचे स्क्रीनशॉट पाठवून विचारलं "मामा, यातला कुठला", तेव्हा लक्षात आलं की फोनवर हे सांगता येत नाही, लिहावंच लागेल.

मी देवगडचा, त्यामुळे पाण्यावरूनच सांगतो. आमच्या खाडीकडेला खारबंधारे आहेत, आत भातशेती, आणि बंधाऱ्याखालून पाणी जायला अरुंद मोरी. समजा त्या मोरीची झडप उघडी राहिली. भरती आली की आतलं पाणीही चढतं, जरा उशिरा चढतं, जरा कमी चढतं, पण चढतं. बाहेर मात्र वाऱ्याने उठणाऱ्या बारीक लाटा, होडी गेल्यावर काठाला बसणारे तडाखे, यातलं काहीही आत पोचत नाही, आतलं पाणी परातीत ठेवल्यासारखं शांत. ही मोरी म्हणजे बँडविड्थ, खोक्यावरचा मेगाहर्ट्झचा आकडा. सावकाश बदलणारं आत येतं, भराभर बदलणारं बाहेरच अडतं. आता आतल्या पाण्यात खुणांची काठी रोवा आणि तासातून एकदा वाचा नाहीतर सेकंदातून हजारदा वाचा, बाहेरची लाट तुम्हाला दिसणार नाही कारण ती आत आलेलीच नाही. काठी किती वेळा वाचली, तो सॅम्पल रेट, खोक्यावरचा मेगासॅम्पलचा आकडा (१ मेगासॅम्पल म्हणजे सेकंदाला दहा लाख नोंदी).

आता उलटी चूक. बंधारा सोडा, थेट जेटीवर या, तिथे समुद्र जसाच्या तसा दिसतो, मोरीबिरी काही नाही. पण तुम्ही रोज फक्त सकाळी सात वाजताच येता. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, म्हणजे भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. तर सातलाच येणाऱ्या माणसाला काय दिसेल? आज पाणी वर, उद्या जरा कमी, आठवड्याने पार खाली, पंधरवड्याने परत वर. तो वहीत लिहून ठेवणार की समुद्राला पंधरा दिवसांतून एकदा भरती येते! त्याने खोटं काही लिहिलं नाही, प्रत्येक नोंद खरी आहे, फक्त नोंदी फार लांब लांब घेतल्या. स्कोपमध्ये याला एलियासिंग म्हणतात. आणि मला विचाराल तर हे जास्त वाईट, कारण मोरी अरुंद असेल तर गोष्ट दिसत नाही एवढंच होतं, पण एलियासिंगमध्ये नसलेली गोष्ट छान स्वच्छ दिसते आणि आपण तिच्यामागे दोन दिवस घालवतो.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, त्यानंतर लाइटची जी बोंब झाली तेव्हा माझ्याकडे बंद पडलेल्या इन्व्हर्टरांची रांग लागली. एक असा होता की नवीन मॉसफेट (स्विचसारखा चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) टाका, दोन दिवस चालणार, परत फट्. तेव्हा माझ्याकडे डीएसओ१३८ होता, ते स्वतः जोडायचं छोट्या पडद्याचं किट, २०० किलोहर्ट्झ बँडविड्थ आणि १ मेगासॅम्पल. गेटवर, म्हणजे मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या पायावर, प्रोब (स्कोपची टोकदार वायर) लावला तर २० किलोहर्ट्झची चौकोनी लाट, कडा जराशा गोल, बाकी सगळं व्यवस्थित. शेवटी कणकवलीच्या मित्राकडे बोर्ड घेऊन गेलो, त्याचा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप. तोच गेट, तोच पॉइंट, आणि प्रत्येक कडेवर असा काही शहारा की बास, १२ व्होल्टच्या जागी २४ पर्यंत उड्या. बहुतेक मॉसफेटचा गेट २० व्होल्टच्या वर टिकत नाही. आधी कोणीतरी जळलेला गेट रेझिस्टर काढून तिथे तारेचा तुकडा ठोकला होता. २२ ओहमचा लावला, उड्या गेल्या, तो इन्व्हर्टर अजून चालतोय. तो शहारा साधारण १५ मेगाहर्ट्झचा होता, माझ्या किटच्या मोरीतून तो येणं शक्यच नव्हतं, आणि मोरीच्या पलीकडे हवे तितके मेगासॅम्पल असते तरी फरक शून्य.

याचं एक साधं गणित आहे, ०.३५ ला बँडविड्थने भागा, म्हणजे तो स्कोप किती झटपट कड दाखवू शकतो ते कळतं. २०० किलोहर्ट्झला १.७५ मायक्रोसेकंद, ५० मेगाहर्ट्झला ७ नॅनोसेकंद, १०० ला ३.५. आणि अजून एक गैरसमज, ५० मेगाहर्ट्झ म्हणजे ५० पर्यंत सगळं नीट आणि मग भिंत, असं नसतं. त्या आकड्याला लाट आधीच ७० टक्क्यांवर आलेली असते, १ व्होल्टची ०.७ दिसते. चौकोनी लाट चौकोनी दिसायला तिच्या निदान पाचपट बँडविड्थ लागते. अर्डुइनो उनो या शिकाऊंच्या बोर्डाचा एसपीआय (दुसऱ्या चिपांशी बोलायची जोडणी) जास्तीत जास्त ८ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याला ५०वाला पुरतो, २०वाल्यावर तीच लाट टेकड्यांसारखी गोल दिसते.

दुसरा किस्सा बंदरावरचा. एक काका फिश फाइंडर घेऊन आले, "अरे, ह्या यंत्र मासो दाखवणाच नाय, नुसती रांगोळी काढता." त्यातला ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणारा भाग) २०० किलोहर्ट्झच्या आसपासचा, ठरावीक वेळाने एकेक ठोका पाण्यात सोडणारा. ठोके किती अंतराने पडतायत ते बघायला मी टाइमबेस (पडद्यावरच्या एका घराला किती वेळ ते) १० मिलिसेकंदावर नेला, म्हणजे पडद्यावर १० घरं मिळून १०० मिलिसेकंद. (ट्रान्सड्यूसरच्या तारांवर शेकडो व्होल्ट असतात, तिथे प्रोब लावायचा नाही, मी ट्रान्सफॉर्मरच्या आधी बघत होतो.) ठोक्याच्या आत बघतो तर ३ किलोहर्ट्झची लाट! म्हटलं ऑसिलेटर, म्हणजे लाट तयार करणारा भाग, गेला. तासभर त्याचा क्रिस्टल तपासत बसलो, क्रिस्टल ठणठणीत. तेव्हा हातात होता तो स्कोप एका वेळी १०,००० पॉइंटच साठवायचा, १०० मिलिसेकंदात १०,००० पॉइंट म्हणजे सेकंदाला १ लाख सॅम्पल, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. लाट खरी २०३ किलोहर्ट्झची होती, १ लाखाच्या दुपटीपेक्षा ३ हजारांनी जास्त, म्हणून ३ दिसली. सातला जेटीवर येणारा माणूस तो मीच. टाइमबेस खाली आणला तशी २०३ दिसली, आणि बिघाड निघाला कनेक्टरच्या गंजलेल्या पिनेत, जे खाऱ्या हवेत दहातल्या सात वेळा असतंच.

म्हणून खोक्यावरचा सॅम्पल रेट हा त्याचा सगळ्यात चांगला दिवस असतो. मेमरी कमी असेल तर टाइमबेस लांबवला की तो पडतो, आणि चॅनल (एकाच वेळी बघायचे वेगवेगळे सिग्नल) वाढवले की वाटला जातो. रायगॉलचा डीएस१०५४झेड घ्या, हॉबीवाल्यांचा जुना लाडका, ५० मेगाहर्ट्झ, १ गिगासॅम्पल (म्हणजे १००० मेगा), पण हा १ गिगा एका चॅनलला, दोन चालू केले की ५००, तीन किंवा चार केले की २५० मेगासॅम्पल. तरी ५०च्या पाचपट उरतातच, म्हणून तो चालतो, शिवाय मेमरी १ कोटी २० लाख पॉइंटची. उलट हॅनटेकचा ६०२२बीई, लॅपटॉपला लावायचा, २० मेगाहर्ट्झ आणि ४८ मेगासॅम्पल, जेमतेम अडीचपटही नाही, त्याच्याकडून मी २०ची नाही, चार-पाच मेगाहर्ट्झपर्यंतचीच अपेक्षा ठेवीन, आणि तेवढ्यात काम असेल तर तो वाईट नाही. सगळे चॅनल चालू असताना सॅम्पल रेट बँडविड्थच्या पाचपट राहतो का, एवढं बघायचं, त्याच्या वर कितीही पट असले तरी त्यासाठी पैसे मोजू नका, ते बँडविड्थला मोजा. 'इक्विव्हॅलंट' असा शब्द सॅम्पल रेटच्या पुढे दिसला तर तो आकडा फक्त परत परत येणाऱ्या लाटेला लागू, एकदाच येऊन गेलेल्या ठोक्याला नाही.

आणि प्रोब! त्याच्यावरचं बटण १एक्सवर (सिग्नल जसाच्या तसा) असेल तर साधारण ६ मेगाहर्ट्झच्या वर काही येत नाही, स्कोप १०० चा असो की २०० चा. बंधारा पाडला आणि घरापुढे दुसरा बांधला अशातली गत. १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून) ठेवा, स्कोपच्या १ किलोहर्ट्झच्या खुंटीवर लावून त्याचा छोटा स्क्रू लाट चौकोनी होईपर्यंत फिरवा, मगच कामाला लागा.

आता माझे पैसे कुठे गेले ते. ऑनलाइन घेतलेला एक हातात मावणारा स्कोप, कंपनीचं नाव नको, वर ठळक १०० मेगाहर्ट्झ. नंतर एकदा ७४एसी१४ ही लॉजिक चिप घेतली, काही रुपयांना मिळते, तिची कड एक-दोन नॅनोसेकंदात उभी राहते, चिपच्या पायाला लागूनच कपॅसिटर आणि प्रोबची ग्राउंड क्लिप काढून टोकाला आखूड स्प्रिंग, म्हणजे लांब वायरीचा घोळ नको. १००चा असता तर कड साडेतीन-चार नॅनोसेकंदांत दिसायला हवी होती. दिसली १२. म्हणजे ०.३५ भागिले १२ नॅनोसेकंद, २९ मेगाहर्ट्झ. सॅम्पल मात्र सांगितले तेवढे पुरेपूर घेत होता, पडद्यावर ती गोल कड अगदी ठिपक्यान्‌ठिपका दाट काढलेली, बघून कोणालाही खरी वाटावी. परत करायची मुदत तोवर संपून गेली होती. आता तो गणपतीत वाडीतल्या स्पीकरांचे अँप्लिफायर तपासायला वापरतो, एरवी सिलिका जेल टाकलेल्या डब्यात असतो. भाच्याला सांगितलंय, स्कोप आला की पहिल्या दिवशी ७४एसी१४ लाव, खोकं नंतर फाड.