घरी शिकणारी स्वमग्न मुले : २०१२ च्या तरतुदीमागचा इतिहास

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलाला घरीच शिकवायचे ठरवले, की पालकांचा पहिला प्रश्न असतो: हे कायद्यात बसते का? दहा जणांना विचारले तर दहा उत्तरे मिळतात, आणि त्यातली बरीचशी आपापल्या जागी बरोबरही असतात. कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. मुलाचे नाव शाळेच्या पटावर आहे, पण त्याला शाळेत जाणे जमत नाही म्हणून शिक्षक घरी येतात, ही एक गोष्ट. सरकारी कागदांत हिला गृहाधारित शिक्षण म्हणतात. दुसरीत पटावर नावच नसते. काय शिकवायचे, कधी आणि कसे, हे सगळे आईवडील ठरवतात. हे होमस्कूलिंग. २०१२ साली शिक्षणहक्क कायद्यात जी दुरुस्ती झाली ती पहिल्या गोष्टीपुरती आहे. दुसरीबद्दल कायदा बोलतच नाही.

स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन १९४३ मध्ये बाल्टिमोरहून आले, पुढच्या वर्षी व्हिएन्नाहून दुसरे. त्यानंतरची वीसेक वर्षे आईच्या थंडपणावर खापर फोडण्यात गेली आणि मूल घरापासून दूर ठेवणे हाच इलाज मानला गेला. १९६४ मध्ये स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप असलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला. १९८७ मध्ये तिथलाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लहान मुलांना आठवड्याला सरासरी ४० तास, मुख्यतः घरीच आणि आईवडिलांना हाताशी धरून शिकवले होते. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर आणि दाव्यांवर अजून वाद होतात, पण त्याने घराची पत बदलली हे नक्की. आरोपीच्या पिंजऱ्यातले घर पंचवीस वर्षांत वर्ग झाले.

आपल्याकडे स्वमग्नता कायद्याच्या यादीत उशिरा आली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत ती नव्हती. त्यामुळे प्रमाणपत्र हवे तर मुलाला ‘मतिमंद’ म्हणून दाखवून घ्यावे लागे. जे मूल सहाव्या वर्षी वेळापत्रके पाठ म्हणत असे, त्याच्या आईवडिलांना तो कागद हातात घेताना काय वाटत असेल ते वेगळे सांगायला नको. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेला नाव दिले, सोबत सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता. मात्र त्याचा रोख पालकत्व आणि आईवडिलांच्या पश्चात मुलांचे काय, यावर होता. शाळा हा त्याचा विषयच नव्हता. पुढचा गुंता इथूनच सुरू होतो.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या खासगी शाळांमधल्या २५ टक्के राखीव जागा वगैरे सर्वांना पाठ आहे. इथे दोन कलमे पुरेत. ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे सरकारवरची सक्ती, असा खुलासा कलम ८ मध्येच आहे. कलम १० पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचे कर्तव्य टाकते, पण ते पाळले नाही तर दंड किंवा शिक्षा कायद्यात कुठेही नाही. होमस्कूलिंग करणारी कुटुंबे आजवर टिकली आहेत ती या दोन कलमांमधल्या फटीत.

अपंग मुलांसाठी मूळ कायद्यात जे होते ते १९९५ च्या कायद्याकडे बोट दाखवणारे होते. म्हणजे त्या सात प्रकारांत नसलेली स्वमग्न मुले शिक्षणहक्काच्या व्याख्येतूनही सुटली. कुणी ठरवून वगळले असे दिसत नाही, पण परिणाम तोच झाला. १ ऑगस्ट २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही चूक निस्तरली. राष्ट्रीय न्यास कायद्यातली मुले आत घेतली गेली, अपंग मुले वंचित गटात मोजली जाऊ लागली. आणि त्याच दुरुस्तीत एक परंतुक, म्हणजे मूळ कलमाला जोडलेला ‘परंतु’, आले: बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्यायही असू शकेल.

या एका वाक्यावर अपंग हक्क चळवळीत उभी फूट पडली. एका बाजूचे म्हणणे असे की शाळेला एकदा दार दाखवून ठेवले की ती मुलाला त्याच दाराने बाहेर काढणार. रॅम्प नको, विशेष शिक्षक नको, घरी पाठवले की काम झाले. २००७ साली भारताने अपंगांच्या हक्कांबद्दलच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली, त्याचा पाया सर्वांनी एकत्र शिकण्याचा आहे. त्याच्याशीही हे विसंगत, असाही मुद्दा होता. दुसऱ्या बाजूला अंथरुणाला खिळलेल्या किंवा एकापेक्षा जास्त अपंगत्वे असलेल्या मुलांबरोबर काम करणारे लोक होते. त्यांचा सवाल रोकडा होता: शाळा सुधारेपर्यंत या मुलांनी काय करायचे? दोघेही खरे बोलत होते. माझ्या मते पहिल्यांची भीती जास्त खरी ठरली, आणि तीही ज्यांच्यासाठी परंतुक लिहिलेच नव्हते अशा मुलांच्या बाबतीत.

‘तीव्र अपंगत्व’ म्हणजे नेमके काय, यासाठी परंतुक १९९९ च्या कायद्याकडे पाठवते. तिथे ८० टक्के किंवा अधिक अशी मर्यादा आहे, पण ती ‘बहुविकलांगतेपैकी एक किंवा अधिक’ अशा शब्दांना बांधलेली. बहुविकलांगतेची व्याख्या पुन्हा १९९५ च्या सात प्रकारांकडे नेते, जिथे स्वमग्नता नाही. शब्दशः वाचले तर केवळ स्वमग्न असलेले मूल, कितीही तीव्र असले तरी, या परंतुकात बसते का याचीच शंका येते. (तीन कायद्यांची ही साखळी जोडणाऱ्याने ती एकदा तरी पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत वाचली असेल का?) प्रत्यक्षात एवढे खोलात कुणी जात नाही. प्रमाणपत्रावरचा अपंगत्वाचा टक्का पाहिला जातो.

तो टक्का येतो स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मोजपट्टीतून. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. बेरीज ७० च्या खाली असेल तर स्वमग्नता नाही. पुढे सौम्य, मध्यम, तीव्र. नजर मिळवतो का, ऐकलेलेच शब्द परत म्हणतो का, संवेदना सहन होतात का, हे सगळे एका खोलीत, एका मुलाकडे पाहून आणि पालकांना विचारून भरले जाते. निदानापुरती ती उपयोगी आहे. पण पन्नास मुलांचा वर्ग, मधल्या सुट्टीचा कल्ला आणि दर तासाला कानाशी ठणाणणारी घंटा मूल सोसेल की नाही, हे तिच्यातून कळत नाही. घडाघडा बोलणारे, ५० टक्क्यांचे मूल त्या घंटेपायी रोज कानावर हात ठेवून टेबलाखाली जाते. ९० टक्क्यांचे, अजिबात न बोलणारे एखादे मूल समजूतदार बाई मिळाल्या की वर्गात आनंदाने बसते. घरी शिकण्याची खरी गरज पहिल्याला, पर्याय दुसऱ्याला.

शाळांनी मात्र ही सीमारेषा आपल्या सोयीने वाचली. ‘आता घरून करायची सोय आहे ना, मग त्याला कशाला त्रास देता,’ हे वाक्य ४० टक्क्यांच्या आणि ६० टक्क्यांच्या मुलांच्या पालकांनीही ऐकले आहे. लेखी कुणी देत नाही. पालकच कंटाळून दाखला मागतात आणि नोंद होते ती ‘पालकांच्या विनंतीवरून’. जे पटावर राहतात त्यांच्याकडे विशेष शिक्षक येतात. अनेक शाळा सांभाळणाऱ्या त्या शिक्षकांची घरी फेरी होते आठवड्यातून एखादी. त्यात मणी ओवणे, चित्रकार्डे, आईला दोन सूचना आणि भेटीच्या वहीत सही. उरलेले सहा दिवस शिकवणारी आईच असते, तिला कुठल्याही नोंदीत जागा नाही. आणि तिने मुलाच्या शिक्षणासाठी नोकरी सोडली असेल तर ती तिची हौस धरली जाते.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार सातावरून २१ झाले. स्वमग्नता त्यांत स्पष्ट आली. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. घराचे नाव त्यात नाही. २०१२ चे परंतुक ज्या १९९५ च्या कायद्यावर टेकले होते, तोही याच वेळी रद्द झाला. २०२० च्या शिक्षण धोरणाने तीव्र अपंगत्वासाठी घरचा पर्याय कायम ठेवला, त्याची तपासणी करून निकष ठरवण्याचे सांगितले आणि घरी शिकणाऱ्या मुलाला इतरांच्या बरोबरीचे मानावे असेही लिहिले. धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला १० आणि उच्च प्राथमिकला १५ विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. ते सगळीकडे खरोखर पाळले गेले, तर घरी बसवलेली बरीच मुले घरी बसणार नाहीत.

दरम्यान पटाबाहेरच्या कुटुंबांनी आपली वाट मुक्त शिक्षणातून काढली. १९७९ च्या एका प्रयोगातून निघालेल्या आणि १९८९ मध्ये स्वतंत्र झालेल्या राष्ट्रीय मुक्त शाळेतून (आजची एनआयओएस) दहावीची परीक्षा देता येते. त्यासाठी वय १४ पूर्ण हवे. विषय निवडता येतात, नोंदणी पाच वर्षे चालते आणि पेपर एकेक करून सोडवता येतात. वर्षभरात सहा पेपर सलग देताना कोलमडणाऱ्या मुलाला ही सवड कुठल्याही सवलतीपेक्षा मोठी आहे. जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर प्रमाणपत्र लागते. नुसत्या प्रवेशासाठी टक्का कुणी विचारत नाही, आणि आधीची आठ वर्षे मूल कुठे शिकले हेही फारसे विचारले जात नाही.