जे दिसले, त्यावर इलाज : गुडघेदुखीची पार्श्वभूमी

गोव्यात डिचोलीला मावशीकडे गेले की चहाच्या आधी एक्स-रे येतो. दारात उजेडाकडे धरून ती स्वतःच समजावून सांगते, "हे पळय गो, इथं फट राहिलीच नाही. हाडाला हाड लागलंय." हे वाक्य तिला तीन वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात ऐकवले गेले. त्याच्याच जोडीला "गुडघा संपला, आता बदलावाच लागेल" हेही. दुखणे आदल्या दिवशी जेवढे होते तेवढेच दुसऱ्या दिवशीही होते. पण त्या दिवसापासून तिने देवळाच्या पायऱ्या चढणे सोडले, बाजारात जाणे सोडले, आणि वर्षभरात मांडी हाताला लागेल इतकी सुकली. दुखण्यापेक्षा त्या फोटोनेच तिला जास्त बसवले, असे मला मनापासून वाटते. म्हणून एका फोटोला एवढे वजन कसे आले, ते मागे जाऊन पाहावेसे वाटले.

गुडघ्याची सर्वांत जुनी वर्णने हाताने चाचपून केलेली आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 28वा अध्याय वातव्याधींचा. त्यात सांध्यात शिरलेल्या वाताची खूण दिली आहे: सूज येते, ती हाताला वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखी लागते, आणि सांधा पसरताना-आखडताना कळ येते. सुश्रुताने गुडघ्याच्या एका दुखण्याला थेट नावच दिले, क्रोष्टुकशीर्ष, म्हणजे कोल्ह्याचे डोके. वात आणि रक्त बिघडून गुडघ्यात येणारी, भयंकर ठणकणारी मोठी सूज. ही उपमा ज्याने सुचवली त्याने असे पाय जवळून पाहिले असणार. मांडी आणि पोटरी वाळली की मधला सुजलेला गुडघा खरोखरच त्या आकाराचा दिसतो. पुढे माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथात आमवात वेगळा काढून सांगितला. आजच्या झीज, गाउट (युरिक ॲसिडमुळे सुजणारे सांधे) आणि ऱ्हुमॅटॉइड (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) यांच्याशी या नावांची एकास एक जोडी लावू नये, पण ही दुखणी एक नव्हेत हे त्या वैद्यांना ठाऊक होते. आपण मात्र बोलताना सगळ्यांना मिळून "वात" म्हणून मोकळे होतो, आणि मग एकाच्या गोळ्या दुसऱ्याने खाण्याचे प्रकार घरोघरी घडतात.

गोव्याचा या इतिहासात स्वतःचा वाटा आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूपी ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात एक प्रकरण चोपचिनीवर आहे. चीनकडून जहाजांतून येणारे हे मूळ तेव्हा फिरंगरोगावर (सिफिलिसवर) आणि सांध्यांच्या दुखण्यावर रामबाण मानले जाई. युरोपात सम्राट पाचवा चार्ल्स आपल्या गाउटसाठी तेच घेत होता, आणि शरीररचनेचा पंडित व्हेसालियस याने 1546 मध्ये या मुळावर एक लांबलचक पत्र प्रसिद्ध केले. आपल्याकडे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हीच चोपचिनी द्वीपांतर वचा म्हणून दाखल झाली. मांडवीच्या धक्क्यावर उतरलेले एक मूळ वैद्याच्या पोथीत आणि बादशहाच्या काढ्यात एकाच शतकात पोचले. चमत्कारी औषधाची आशा तेव्हाही आजच्याइतकीच जबर होती.

घरगुती इलाज त्याहून शांतपणे चालत राहिले. निर्गुडीचा पाला उकळून शेक, एरंडाचे पान तेल लावून गरम करून बांधणे, लसूण घालून कढवलेले खोबरेल, आणि काजूची फेणी हातावर घेऊन चोळणे. यातल्या शेकाला आणि चोळण्याला मी कमी लेखणार नाही. स्नायू सैल होतो, माणूस पाय हलवायला धजतो, रात्री झोप लागते. हाडाची झीज मात्र त्याने भरून येत नाही.

गुडघा का दुखतो, याचे उत्तर आपल्या कामांत बरेचसे सापडते. सरदाच्या, म्हणजे पावसाळी भाताच्या, लावणीत चिखलात तासन् तास वाकून उभे राहायचे, मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोक्यावर भारा घेऊन चालायचे. काजूच्या दिवसांत डोंगर चढून बोंडू वेचायचे. नारळ पाडणारा पाडेली दिवसाला कितीतरी माडांवर चढतो-उतरतो. आणि घरात बाईची आदोळी, म्हणजे विळी: एक पाय दुमडून, दुसरा गुडघा उभा करून नारळ खवायचा, मासळी कापायची, मग जमिनीला हात टेकून उठायचे. दिवसातून किती वेळा, ते मोजायला कोणी बसले नाही. बीजिंगमधल्या वृद्धांची पाहणी 2001 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात तिथल्या बायकांमध्ये गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या बायकांपेक्षा जास्त निघाली, आणि तरुणपणी बराच वेळ उकिडवे बसण्याशी तिचा संबंध पुढे दाखवला गेला. मला ते वाचताना आदोळीच दिसली.

पण सगळा दोष कष्टांवर टाकून चालणार नाही. गुडघ्यावर शरीराचे वजन जसेच्या तसे पडत नाही, चालताना ते काही पटींनी पडते. अमेरिकेत 2005 साली जाड व्यक्तींच्या चालीवर झालेल्या अभ्यासात एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे दिसले. पूर्वीच्या श्रमाने गुडघे वापरले जात होते, पण मांड्याही घट्ट राहत होत्या. आता श्रम गेले, मांड्या गेल्या, वजन आले.

गोव्यात गुडघेदुखी येण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. शिवोलीत 1883 साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी मुलांच्या पायात फुटबॉल दिला. त्या खेळाने गोव्याला नाव मिळवून दिले, आणि मैदानावर पाय मुरगळून गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटलेली पोरेही दिली. त्यात दुचाकीचे अपघात मिळवा. वीस-बाविसाव्या वर्षी दुखावलेला आणि नीट न बांधलेला गुडघा पंचेचाळिशीत झिजलेला निघतो. दुसरी वाट डासाची. चिकुनगुनिया हा शब्द टांझानियाकडच्या माकोंदे भाषेतला, अर्थ साधारण "वाकून जाणे". 1952-53 मध्ये तिकडे ओळखला गेलेला हा ताप 2006 साली भारतात पुन्हा उसळला आणि त्या वर्षी सुमारे 14 लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. ताप आठवड्यात जातो, सांधे महिनोन्महिने धरलेले राहतात. ती झीज नव्हे, सूज असते. तिचा उपचार वेगळा.

पणजीत 1842 साली वैद्यकीय शाळा सुरू झाली. माकिनेझच्या वाड्यात ती भरे. मुक्तीनंतर तिचेच गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि पुढे ते बांबोळीला गेले. आमच्या आजीच्या पिढीला "दोतोर" म्हणजे नाडी पाहणारा, पोट दाबून पाहणारा माणूस. फोटो नंतर आला. राँटगेनने क्ष-किरण शोधले ते 1895 मध्ये. 1957 साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी गुडघ्याच्या झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या, आणि "तुमचा गुडघा चौथ्या ग्रेडचा" हे वाक्य त्यातूनच आले.

एक साधी गोष्ट इथे रुग्णाला कोणीच सांगत नाही. कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या त्या गुळगुळीत थराला, दुखणे जाणवून देणाऱ्या नसाच नसतात. ती झिजली म्हणून तीच दुखते असे नव्हे. दुखते ते भोवतालचे अस्तर, खालचे हाड, ताणलेले स्नायू. म्हणून फोटोत फट दिसत नसूनही भराभर चालणारी माणसे असतात, आणि फोटो जवळजवळ स्वच्छ असूनही रात्र रात्र न झोपणारीही. कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे विल्यम हंटरने लंडनमध्ये 1743 सालीच लिहून ठेवले होते. त्याचा अर्थ दुखणेही कमी होणार नाही, असा मात्र नव्हे. मावशीने, आणि तिला सांगणाऱ्यानेही, नेमका तोच अर्थ घेतला.

पुढची पायरी दुर्बिणीची. टोकियोत ताकागी यांनी 1918 मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले, आणि त्यांचे शिष्य वातानाबे यांनी 1962 साली दुर्बिणीतून गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचा (मेनिस्कसचा) तुकडा काढला. तरुण खेळाडूंसाठी हे वरदान ठरले. पण आत पाहता येते म्हटल्यावर झिजलेला गुडघाही धुऊन-खरवडून देण्याची लाट आली. 2002 साली अमेरिकेत ह्यूस्टनला 180 रुग्णांवर एक धाडसी चाचणी झाली: काहींचा गुडघा खरोखर साफ केला, काहींच्या कातडीला नुसते छेद दिले. दोन वर्षांनी दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. वयपरत्वे झिजलेल्या गुडघ्याची "सफाई" कोणी सुचवली तर ही चाचणी आठवावी.

औषधांचे थोडक्यात. ॲस्पिरिन 1899 पासून बाजारात आहे, आयबुप्रोफेन 1960च्या दशकातले. अशा गोळ्या कळ उतरवतात, पण रक्तदाब, मधुमेह असलेल्यांच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला महाग पडतात, म्हणून गुडघ्यासाठी त्याच औषधाचे मलम आधी वापरावे. चोळण्याची आपली सवय इथे कामी येते. कॉर्टिसोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने 1948 मध्ये अंथरुणाला खिळलेल्या ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांना उभे केले, ते देणाऱ्या डॉ. हेंच यांना 1950चे नोबेल मिळाले. सांध्यातली सुई त्यातूनच आली. ती काही आठवडे आराम देते. पण दर तीन महिन्यांनी टोचत राहिल्यास कूर्चा उलट जास्त पातळ होते आणि दुखणे काही कमी होत नाही, हे 2017च्या दोन वर्षांच्या चाचणीत दिसले. कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या डब्यांनी 2006च्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांत साखरेच्या गोळीपेक्षा जास्त काही केले नाही. रुग्णाच्याच रक्तातून काढून सांध्यात टोचायचे पीआरपी (प्लेटलेट भरपूर असलेला द्रव) 2021च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मिठाच्या पाण्याच्या सुईपुढे सरस ठरले नाही. हे डबे आणि सुया विकत घेण्यासाठी लोक पेन्शन मोडतात, ते पाहून जीव तुटतो.

ज्याला ना फोटो लागतो ना दुर्बीण, त्या मांडीच्या स्नायूकडे लक्ष गेले ते युद्धामुळे. शिकागोत 1945 साली थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पायाला लोखंडी वजने बांधून, ती हळूहळू वाढवत, सुकलेल्या मांड्या पुन्हा भरून आणल्या. त्याआधी अशा गुडघ्यांना विश्रांती आणि हलक्या हालचाली, एवढेच मिळे. वयस्कांच्या झिजलेल्या गुडघ्यावर चालणे आणि वजनांचे व्यायाम यांचा उपयोग होतो, हे 1997 साली 439 जणांच्या चाचणीत दिसले. फायदा जादूचा नाही, बेताचा आहे. पण तो गोळीइतका आहे आणि पोट बिघडवत नाही.

मावशीला हे सरकारी इस्पितळातल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने दाखवले. तिने एक्स-रे पाकिटात तसाच ठेवला. टॉवेलाची गुंडाळी केली, मावशीला खाटेवर पाय लांब करून बसवले, गुंडाळी गुडघ्याखाली सरकवली आणि म्हणाली, "आजी, ही दाबून टाका. पाच मोजेपर्यंत सोडू नका." मांडीवर दोन बोटे ठेवून ती वाट पाहत राहिली. पहिल्यांदा काहीच झाले नाही. मावशी सगळा पाय उचलू पाहत होती. चौथ्या-पाचव्या वेळी वाटीच्या वर एक बारीक थरथर आली, सुतळी ताणल्यासारखी. "आली!" असे ती मुलगी इतक्या आनंदाने म्हणाली की शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही मान वळवली. दिवसातून तीन वेळा, दहा दहा दाब. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणे. आदोळी जमिनीवरून उचलून टेबलावर आली. संडासात कमोड बसला.

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. बर्लिनमध्ये ग्लुकने 1890 साली क्षयाने सडलेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवली, तेव्हापासून ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे माणसे अडखळत शिकली. 1974 मध्ये न्यूयॉर्कला इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांच्या चमूने जो गुडघा बसवला, आजचे गुडघे त्याच घराण्यातले. त्यातल्या मध्य प्रदेशात जन्मलेल्या चित्तरंजन रानावतांनीच पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे मुंबईत बदलले, डावा ऑक्टोबर 2000 मध्ये, उजवा जून 2001 मध्ये. "वाजपेयींसारखे ऑपरेशन" हा शब्द गावोगाव पोचला तो तेव्हा. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषधदर नियामकाने सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याची किंमत सरासरी 1,58,324 रुपयांवरून 54,720 रुपयांवर आणली. कर वेगळा. बसवलेले सुमारे 82 टक्के गुडघे 25 वर्षे टिकतात. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, घरातल्या घरात चालणे कठीण, आणि काही महिने मनापासून केलेला व्यायामही कमी पडलेला, अशा माणसाने घाबरून थांबू नये. आणि गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप असला, तर तेल नको, फेणी नको, त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. सांध्यात पू झालेला असू शकतो.

मावशीचा गुडघा अजून तिचा स्वतःचा आहे. पुढे बदलावा लागला तर बदलेल, असे आता तीच म्हणते. गेल्या जत्रेला ती देवळात आली. कठडा धरून चढताना चांगला पाय आधी टाकत होती. उतरताना तिला त्या मुलीने उलटा क्रम शिकवला आहे, आणि मी हात पुढे केला तर तो बाजूला सारून ती प्रत्येक पायरीला स्वतःशीच पुटपुटत होती, "दुखरा आधी. दुखरा आधी."