मजकूर आणताना वाक्ये तोडून आणा
टंकलेखन, डीटीपी आणि छपाईच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"दोनदा प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) पाहिले, तरी पत्रक वाचायला जड का वाटते?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो. मग अक्षर मोठे करा, रंग बदला, चौकट टाका असे सुरू होते. दोष बहुतेक वेळा अक्षरात नसतोच. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळा मजकूर एकाच वाक्यात असतो आणि ते वाक्य 'असून', 'तसेच', 'व', 'त्यामुळे' यांच्या गाठी मारून लांबवलेले असते.

नागपूरचे ऊन तापायला लागले की कूलर-दुरुस्तीची पत्रके येतात. त्यांचा नमुना असा (ताट्या म्हणजे कूलरच्या बाजूंना बसवायच्या, पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या):

'आमचेकडे सर्व प्रकारच्या कूलरची दुरुस्ती करण्यात येत असून नवीन ताट्या बसवून मिळतील तसेच पंप व मोटर बदलून देण्यात येत असल्याने तरी ग्राहकांनी या संधीचा लाभ घ्यावा.'

मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे वाक्य लांबले की वाचणारा मुद्द्यासाठी ताटकळतो, आणि सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत हातात पडलेल्या पत्रकासाठी कोणी ताटकळत नाही. शिवाय इथे 'असल्याने' आणि 'तरी' पाठोपाठ आले आहेत. 'असल्याने'ने कारण सांगायला घेतले, ते पुरे होण्याआधीच 'तरी'ने विनंती सुरू केली. हाच मजकूर असा होतो:

'कूलर गार हवा देत नाही? आम्ही ताट्या बदलून देतो. पंप आणि मोटरही बदलतो. सायंकाळी ६ पर्यंत फोन करा, दुसऱ्या दिवशी कारागीर घरी येईल.'

एक प्रश्नार्थी वाक्य, दोन साधी विधाने आणि शेवटी आज्ञार्थी. प्रश्न गिऱ्हाइकाला थांबवतो, विधाने माल सांगतात, आज्ञार्थी वाक्य पुढे काय करायचे ते सांगते. प्रश्न एकच ठेवा. तीन प्रश्न ओळीने आले की ती परीक्षेची प्रश्नपत्रिका होते.

तोडायचे कसे? मजकुरातल्या प्रत्येक 'असून', 'तसेच' आणि 'त्यामुळे'ला पेनाने गोल करा. तिथे पूर्णविराम देऊन दोन्ही तुकडे मोठ्याने वाचा. दोन्ही आपल्या पायावर उभे राहिले तर पूर्णविराम राहू द्या. एक लंगडा पडला तर तेवढेच जोडा, पण नाते सांगणारा शब्द घालून: कारण असेल तर 'कारण', अट असेल तर 'जर–तर', विरोध असेल तर 'पण'. जोडवाक्य वाईट नसते, विनाकारण जोडलेले वाईट. आणि उत्साहाच्या भरात सगळीच वाक्ये चार-चार शब्दांची करू नका, त्याने मजकूर किराण्याच्या यादीसारखा वाजतो. ए-फाइव्ह, म्हणजे ए-फोरच्या निम्म्या, पत्रकावर १४ पॉइंटच्या अक्षरात एका ओळीत साधारण आठ-नऊ शब्द बसतात. दोन ओळींत संपणारे वाक्य चालते. चौथ्या ओळीत गेलेले तोडाच.

'-ऊन'चे रूप वापरताना कर्ता बदलू देऊ नका. 'अर्ज भरून कार्यालयाने पावती दिली' म्हटले की अर्ज कार्यालयानेच भरला असा अर्थ निघतो. 'मी अर्ज भरला आणि कार्यालयाने पावती दिली' असे सरळ संयुक्त वाक्य लिहा.

अर्ज, निवेदन आणि सूचनाफलक यांची भाषा वेगळी. अर्जात 'दाखला द्या' हे हुकूम सोडल्यासारखे वाटते. तिथे विध्यर्थी रूप हवे: 'दाखला मिळावा, ही विनंती.' डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात येणाऱ्या निवेदनांत आठ मागण्या एकाच परिच्छेदात कोंबलेल्या असतात. एक मागणी, एक वाक्य, एक क्रमांक असे ठेवा. उत्तर मागताना क्रमांकावर बोट ठेवता येते. फ्लॅट स्कीमच्या फलकावर मात्र 'सभासदांनी आपली वाहने प्रवेशद्वारासमोर उभी करू नयेत' यापेक्षा 'गेटसमोर गाडी लावू नका' हे गाडीवरूनही वाचता येते. एकाच फलकावर दोन्ही रूपे मिसळू नका.

नकारार्थी वाक्य जपून वापरा. 'पावतीशिवाय माल बदलून मिळणार नाही' हे बिलाखाली ठीक, कारण ती अट आहे. दुकानातल्या पाटीवर 'माल बदलायला येताना पावती आणा' लिहा. काम तेच होते, वाद टळतो.

'पाणी किती वाजता येईल ते कळवा' यापुढे प्रश्नचिन्ह नको, ती विनंती आहे. उद्गारचिन्ह एका पत्रकात एकदाच, आणि तेही एकटेच.

लग्नपत्रिकेतले 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे लांब वाक्य आम्ही तोडत नाही. ती रीत आहे, आणि घरातली वडीलधारी मंडळी तेच शोधतात. फक्त तारीख, मुहूर्त आणि स्थळ वाक्यातून बाहेर काढून वेगळ्या ओळींत लावतो. प्रतिज्ञापत्र वा वकिलाकडून आलेला कोणताही मजकूर असेल तर त्यातला स्वल्पविरामसुद्धा आम्ही हलवत नाही. तिथे सुधारणा वकीलच करतील.

तिसऱ्या प्रूफाचे पैसे का घेता, असे विचारले जाते. अक्षराची चूक दुरुस्त करायला मिनिट लागते. वाक्य बदलले की ओळी सरकतात, ओळी सरकल्या की फोटो आणि पत्ता पुन्हा लावावा लागतो. ऑफसेट छपाईची प्लेट (ज्या पत्र्यावरून छपाई होते तो) निघाल्यावर वाक्य बदलले तर ती प्लेट वाया जाते आणि नवी काढावी लागते. म्हणून पहिली दोन प्रूफे मोफत, पुढच्या प्रत्येक प्रूफाला ५० रुपये, आणि प्लेट तुमच्या सहीनंतरच.

वाक्ये तोडायला वेळ नसेल तर मजकूर देताना 'भाषा बघून द्या' एवढेच सांगा. एका पानाला १५० रुपये जास्त पडतात. बदललेली वाक्ये रंगीत खुणेसह दाखवतो; पसंत नसलेले वाक्य तुमचेच ठेवतो. मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवताना कागदाचा फोटो नको, टाइप केलेला पाठवा. आवाजी संदेश तर मुळीच नको, त्यात पूर्णविराम ऐकू येत नाही.